जुनी स्नोमोबाईल घेताना आधी इंजिन तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडात पहिला टिकणारा बर्फ पडला की जुन्या स्नोमोबाईलींच्या (बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्यांच्या) जाहिरातींना ऊत येतो. आपल्या दैनिकाची ऑनलाइन आवृत्ती वाचणारी इकडची बरीच मराठी मंडळीही पहिली गाडी जुनीच घेतात आणि विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारतात : कोणत्या सालची आणि किती किलोमीटर चालली? दोन्ही उत्तरांवरून इंजिनाबद्दल फारसे काही कळत नाही. वेळेवर ऑइल मिळालेले इंजिन १२,००० किलोमीटरनंतरही ठणठणीत असू शकते, तर ३,००० किलोमीटर चाललेल्या चकचकीत गाडीच्या पिस्टनवर उभे ओरखडे असू शकतात. त्यात ही गाडी बंद पडते ती गोठलेल्या तळ्यावर किंवा जंगलात, रस्त्यापासून वीस-तीस किलोमीटर आत, उणे २५ अंशांत. तिथे माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून हे सविस्तर पत्र.

ज्यांच्या घरी कधी लूना, जुनी चेतक किंवा आरएक्स १०० होती, त्यांना हे इंजिन अनोळखी नाही. वापरलेल्या बाजारातल्या बहुतेक स्नोमोबाईली टू-स्ट्रोक आहेत, बहुधा दोन सिलिंडरच्या. यात तळाशी ऑइलचा साठा नसतो. पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत येते, क्रँकच्या बेअरिंगना ओले करते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे क्रँककेस हा इंजिनाच्या श्वासाचाच भाग. त्याला कुठेही बारीकशी फट पडली की तिथून कोरडी हवा आत ओढली जाते, पेट्रोल आणि ऑइल दोन्हींचे प्रमाण घसरते, पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. यालाच आपण ‘सीझ झाली’ म्हणतो. यातली बहुतेक इंजिने झिजून जात नाहीत, ती अशी कोरडी पडून जातात.

त्यामुळे ‘इंजिन आत्ताच नवीन बांधलंय’ हे वाक्य ऐकून खूश होऊ नये. आधीचा पिस्टन कशाने गेला, हा पुढचा प्रश्न विचारावा. कारण सापडले आणि दुरुस्त झाले असेल, तर गाडी चांगली. नुसता पिस्टन आणि रिंगा टाकल्या असतील, तर तीच फट, तोच चोंदलेला जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक भोक) नवा पिस्टनही खाणार, कित्येकदा पहिल्याच दिवशी.

गाडी बघायला गेल्यावर सगळ्यात आधी बॉनेट उघडून सायलेन्सरच्या नळीवर हात ठेवावा. ती कोमट लागली, तर विक्रेत्याने तुम्ही येण्याआधी इंजिन चालवून ठेवले आहे. अशा वेळी चहा प्यावा, गप्पा माराव्यात आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. थंडीत सुरू व्हायला त्रास देणे हेच दुखणे असेल, तर ते गरम इंजिनात दिसणार नाही.

थंड इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, गेजने मोजावे. दोन्ही प्लग काढावेत, प्लगच्या टोप्यांना इंजिनाच्या धातूचे अर्थिंग द्यावे, म्हणजे सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळत नाही. चालक पडला की इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी काढून ठेवावी. गेज प्लगच्या भोकात आटे धरून बसवावा, अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण दाबून ठेवावा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत इंजिन सुरू करायची दोरी ओढावी. सहसा पाच-सहा ओढींत काटा स्थिरावतो. थ्रॉटल दाबायचा विसरला, तर आकडा फसवा कमी येतो. गेजची हवा अडवणारी छोटी व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला असावी. ती दुसऱ्या टोकाला असली, तर नळीतली जागा सिलिंडरमध्ये मिळवली जाते आणि चांगले इंजिनही आजारी दिसते.

समुद्रसपाटीजवळ बऱ्याच ४४० ते ६०० सीसी इंजिनांना ११० ते १३० पीएसआय (दाबाचे एकक) मिळतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलात बघावा, पण १०० च्या खाली गेले की सावध व्हावे. आकड्यापेक्षा दोन्ही सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. १२२ आणि ११९ असेल तर छान. १२२ आणि १०४ असेल तर हेड उतरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एक गोष्ट इथे हमखास विसरली जाते, ती म्हणजे उंची. कॅनडातले कॅलगरी शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, तिथली हवाच विरळ. ओंटारिओत १२० दाखवणारे इंजिन तिथे साधारण १०५ दाखवील आणि ते निरोगीच असेल. (गुलमर्ग तर सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथल्या स्नो स्कूटरचा आकडा आणखी खाली येतो.) उलट बाजूने फसवणूकही होते. साठवणीसाठी प्लगच्या भोकातून ऑइल सोडलेले असेल, तर रिंगांभोवती ऑइलचा थर बसून आकडा खोटा वाढतो. इंजिन एकदा नीट चालवून, थंड करून पुन्हा मोजल्यावर खरा आकडा मिळतो.

चांगले कॉम्प्रेशन म्हणजे चांगला पिस्टन, असेही नाही. ओरखडे पडलेला पिस्टनसुद्धा रिंगा शाबूत असतील तर १२० दाखवतो. म्हणून एक्झॉस्टची नळी काढून आत बघावे. ती स्प्रिंगांवर बसवलेली असते, स्प्रिंगचा हूक असला की दहा मिनिटांचे काम. बॅटरीचा उजेड पाडून दोरी हळूहळू ओढत पिस्टन वरखाली करावा. निरोगी पिस्टनची बाजू करड्या रंगाची, सारख्या पोताची दिसते, यंत्रावर कातल्याच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात आणि रिंगा चकाकतात. एक्झॉस्टच्या बाजूला उभे, खरबरीत, ॲल्युमिनियम पुसल्यासारखे पट्टे दिसले, तर पेट्रोल कमी पडून किंवा जास्त तापून इंजिन धरले होते. चार कोपऱ्यांवर चार पट्टे असतील, तर गाडी गरम होऊ न देता लगेच पळवली होती. पिस्टन लवकर फुगतो, बर्फाने गार राहिलेला सिलिंडर मागे राहतो. सगळीकडून सारखा घासलेला असेल, तर ऑइल पोहोचलेच नाही. आणि इनटेकच्या बाजूला बारीक, मळकट ओरखडे असतील, तर धूळ किंवा एअरबॉक्सची (हवा आत घेणाऱ्या डब्याची) फट. एका पिस्टनचा हा चेहरा वाचता आला, तर अर्धे निदान तिथेच झाले.

प्लगही बघावेत. विटकरी-चॉकलेटी रंग चांगला. काळाकुट्ट आणि ओलसर असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी. टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर राखाडी, चमकणारे बारीक टिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. तिथे तपासणी थांबवावी, इंजिन पुन्हा चालवू नये. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत एकाच सिलिंडरचा प्लग आणि पिस्टनचा माथा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर हेडच्या ओ-रिंगमधून कूलंट आत जाते आहे. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येणे, गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर राहणे, ही त्याचीच लक्षणे.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी चाचणी : इंजिन कुठून हवा ओढते आहे का? चालत्या गाडीत याची एक खूण असते. थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाहीत, इंजिन काही क्षण वरच्या आवाजात रेंगाळते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले रबरी बूट हाताने वाकवून बघावेत. जुन्या रबराला घडीत केसासारख्या चिरा असतात, त्या सरळ बघताना दिसत नाहीत. काही जण चालत्या इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधतात. ते करू नये, शेजारीच तापलेली एक्झॉस्टची नळी असते.

खरी परीक्षा दाबाची. कार्बोरेटर काढून बूट रबरी बुचाने बंद करावेत, एक्झॉस्टचे तोंड रबर आणि पत्र्याने बंद करावे, पेट्रोल पंपाकडे जाणारी दाबाची नळी चिमटीत धरावी. पिस्टन खाली आणून प्लगच्या भोकातून हातपंपाने ६ पीएसआय हवा भरावी आणि घड्याळ लावावे. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त घसरण नको. १० च्या वर दाब नेऊ नये, त्याने चांगले ऑइल सीलही उलटतात. घसरण झाली तर साबणाचे पाणी लावत जावे : बूट, सिलिंडरच्या तळाचे पॅकिंग, क्रँककेसचा सांधा, फ्लायव्हीलमागचा सील, क्लचमागचा सील. फुगा आला तिथे दोष. दोन सिलिंडरच्या क्रँककेस आतून वेगळ्या असतात, म्हणून चाचणी दोनदा करावी. एकात भरलेली हवा दुसऱ्याच्या प्लगच्या भोकातून फुसफुसत बाहेर आली, तर मधला सील गेला आहे आणि त्यासाठी पूर्ण क्रँक बाहेर काढावा लागतो. विक्रेता एवढी उघडझाप करू देणार नाही, हे मान्य. अशा वेळी निदान क्लचच्या मागे बॅटरीचा उजेड पाडून बघावे. तिथे तेलकट, चिकट घाण जमली असेल तर सील गळतो आहे. गाडी घेतल्यावर मात्र पहिल्या सफरीआधी ही चाचणी करावीच. त्यासाठी क्लच काढावा लागला, तर त्याचा ठरलेला पुलर वापरावा. हातोड्याने ठोकलेला क्लच निघतो, पण क्रँक वाकडा होतो.

क्लचवर हात आहेच तर तो घट्ट धरून वरखाली हलवून बघावा. क्रँकच्या बेअरिंगमध्ये जाणवण्याएवढी ढिलाई नको. पिस्टन वरच्या टोकाच्या अलीकडे-पलीकडे हळूच फिरवताना ‘टक्’ असा आवाज आला, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग संपले. तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो.

इथवर सगळे ठीक असेल आणि तरी गाडी नीट चालत नसेल, तर पेट्रोलकडे वळावे. टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे ठेवावे. तळाशी वेगळा थर बसला तर पाणी आहे. इथल्या बऱ्याच पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा शोषते आणि पाणी फार झाले की त्याच्यासकट तळाशी उतरते. टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी नेमके तेच आधी ओढते. प्रायमर (हाताने पेट्रोल आत सोडणारा छोटा पंप) दोन-तीनदा मारल्यावर इंजिन सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल, तर ठिणगी आहे, पेट्रोल येत नाही. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून डब्यात धरावी आणि दोरी ओढावी. पेट्रोल धपधप यायला हवे. आले नाही तर टाकीतला फिल्टर, कडक होऊन तडकलेल्या नळ्या, पंपाचा पडदा आणि पंपाला क्रँककेसमधून दाब देणारी छोटी नळी, या क्रमाने बघावे. सुरू करण्यासाठी ईथरचा स्प्रे मारू नये. तो सिलिंडरवरचा ऑइलचा थर धुऊन नेतो.

दोष कुठल्या जेटमध्ये आहे, ते अंगठाच सांगतो. सुरुवातीच्या पाव दाबापर्यंत इंजिन गचके खात असेल तर पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. पाव ते पाऊण यादरम्यान असेल तर सुई. त्यापुढे मेन जेट. गचके खाताना चोक किंचित ओढून बघावा. इंजिन सुधारले तर पेट्रोल कमी पडते आहे, आणखी बिघडले तर जास्त होते आहे. हिवाळा सोडून आठ महिने उभ्या राहिलेल्या पेट्रोलचा राळेसारखा थर सगळ्यात आधी पायलट जेटमध्ये बसतो, कारण त्याचे भोक केसाइतके बारीक. जेट काढून उजेडाकडे धरावा, पलीकडचा प्रकाश गोल टिंबासारखा दिसला पाहिजे. साफ करायला वायरमधली तांब्याची एक तार घ्यावी. पोलादी सुईने भोक मोठे होते आणि मग मिश्रणाचा ताळमेळ कधीच बसत नाही. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्हींच्या स्लाइड एकदमच उचलल्या गेल्या पाहिजेत. एक मागे राहिली, तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत नेतो.

थंडीचा हिशेब सांगणे इथे अगदी गरजेचे आहे. उणे ३० अंशांची हवा शून्य अंशाच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जेटमधून ठरावीकच पेट्रोल सोडतो. शून्याजवळ मस्त चालणारी गाडी त्याच जेटवर उणे ३० ला कोरडी पडते, आणि पूर्ण थ्रॉटलवर तळे ओलांडताना पिस्टन धरतो. विक्रेत्याला विचारावे, आत कोणत्या नंबरचे मेन जेट आहेत? उत्तर आले नाही तर स्वतः उघडून बघावे आणि क्लचगार्ड किंवा बॉनेटच्या आत चिकटवलेल्या तक्त्याशी ताडावे.

ऑइल पंपाबाबत तडजोड नको. पंपाची वायर थ्रॉटलबरोबर हलते. थ्रॉटल सोडलेल्या किंवा ठरवून दिलेल्या अवस्थेत पंपाच्या खटक्यावरची खूण पंपाच्या अंगावरच्या खुणेशी जुळली पाहिजे. पारदर्शक नळ्यांत हवेचे बुडबुडे नकोत. शंका असेल तर पहिल्या टाकीत ५०:१ ने ऑइल मिसळावे, म्हणजे २० लिटर पेट्रोलला ४०० मिलिलिटर. धूर जास्त होईल, चालेल. पंप काढूनच टाकला असेल, तर तसे टाकीच्या झाकणावर ठळक लिहून ठेवावे. पुढच्या माणसाने नुसते पेट्रोल भरले की इंजिन संपले.

ठिणगी येत नसेल तर लगेच महागडा सीडीआय आणू नये. सुरक्षा दोरीची टोपी, हँडलवरचे बंद करण्याचे बटण आणि पोलारिस, आर्क्टिक कॅटच्या बऱ्याच गाड्यांत असलेला थ्रॉटलचा सुरक्षा स्विच, हे तिघेही ठिणगी तोडतात. थ्रॉटलची केबल सैल झाली तरी तो स्विच ठिणगी तोडतो. या स्विचांचा जोड तात्पुरता काढून बघावा. ठिणगी आली तर दोष स्विचात, आणि तो दुरुस्त करूनच गाडी चालवावी, तसाच काढून ठेवू नये. थंड असताना चालणारी, पण अर्ध्या तासाने बंद पडून पुन्हा थंड झाल्यावरच सुरू होणारी गाडी बहुधा स्टेटरच्या (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या भागाच्या) वेटोळ्यामुळे त्रास देते. त्याचा विद्युत रोध (ओहम) थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजावा.

एकच सिलिंडर चालतो आहे का, हे कळायला चालत्या इंजिनाची प्लगची टोपी हाताने ओढू नये, जोरदार झटका बसतो. सुरू केल्यावर मिनिटभराने दोन्ही एक्झॉस्ट नळ्यांवर सिलिंडरजवळ चिमूटभर बर्फ टाकावा. जिथे ‘चर्र’ होऊन वाफ निघते तो सिलिंडर पेटतो आहे, जिथे बर्फ नुसता ओघळतो तो पेटत नाही. हे सगळे मोकळ्या हवेत करावे. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. बर्फावर गाडी ढकलणारा मागचा पट्टा उचललेला असेल तर त्याच्या मागे कोणीही उभे राहू नये आणि क्लचचा बेल्ट काढून इंजिन जोरात फिरवू नये.

आणि कधी कधी इंजिन निर्दोषच असते. आरपीएम चढतात, गाडी पळत नाही, तर बेल्ट घसरतो आहे. स्की-डूच्या रोटॅक्स इंजिनात वरचे एक-दीड हजार आरपीएम मिळतच नसतील, तर एक्झॉस्टमधली काजळी धरलेली झडप अडकली असेल, ती साफ केली की झाले. उन्हाळ्यात एअरबॉक्समध्ये उंदराने केलेले घरटे हेही इथले नेहमीचे कारण. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या ई-टेकसारख्या थेट इंजेक्शनच्या इंजिनांत जेट नाहीत. तिथे संगणकातले दोषांचे कोड आणि इंजिनाचे तास अधिकृत डीलरकडून वाचून घ्यावेत. कॉम्प्रेशन आणि पिस्टनची पाहणी मात्र तिथेही सुटत नाही.

आपल्या दैनिकामार्फत विक्री करणाऱ्या मंडळींना एकच विनंती. जाहिरातीत सालाबरोबर दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, ते कोणत्या गावात मोजले, इंजिनकाम झाले असेल तर कशामुळे, आणि ऑइल पंप चालू आहे की काढला आहे, एवढे लिहावे. घेणाऱ्यांनीही हे फोनवरच विचारावे आणि गेज खिशात घेऊनच गाडी बघायला जावे.

कळावे,
आपले,
उत्तर ओंटारिओतील काही वाचक